कोबोल्ड आणि गिऱ्हा

परवा मोबाईलच्या बॅटरीबद्दल वाचत होतो. कळलं, की त्यातल्या कोबाल्टचं नावच एका भुतावरून आलंय! खाणीत चांदी निघेना, वर विषारी वाफा. मग जर्मन कामगार खापर फोडायचे 'कोबोल्ड'वर. म्हणजे गॉब्लिनचा चुलतभाऊच. म्हटलं, आपल्याकडे असं कोण?

मी राहतो मनवेलपाड्यात. इथे आता सोसायट्या आणि विरार लोकल. पण कोकणपट्टीत गिऱ्हा आहे ना! पाण्यातलं भूत. रात्री वाटसरूला भुलवून खोल पाण्यात नेतं. त्याचा केस हाती लागला, तर घरगड्यासारखं राबतं म्हणे.

अशा गोष्टी कागदावर आणल्या त्या चक्क एका इंग्रज कलेक्टरने, ए. एम. टी. जॅक्सनने. त्यासाठी गावोगावच्या शाळामास्तरांकडून माहिती मागवली. बाबाराव सावरकरांवरच्या खटल्याचा राग म्हणून २१ डिसेंबर १९०९ला नाशिकच्या नाट्यगृहात अनंत कान्हेऱ्यांनी त्याला गोळ्या घातल्या. १९ एप्रिल १९१०ला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेऱ्यांना फाशी झाली. वय अवघं अठरा. कागद मात्र उरले. १९१५मध्ये एन्थोव्हेनने त्यातून कोकणचा खंड छापला.

लहानपणापासून कान्हेरे आपले हीरो. मग जॅक्सनचे आभार कसे मानायचे? बराच वेळ अडकलो. मग लक्षात आलं, उत्तरं लिहिणारे मास्तर तर आपलेच होते. पुस्तकावर नावं साहेबांची, पण भुतं जपली मास्तरांनी.

असो. या रविवारी आजीला फोन करा. तिच्या गावचं भूत विचारा, आणि लिहून ठेवा.