पहिली सही

आमच्या शाळेच्या भिंतीवर राष्ट्रपतींच्या तसबिरी ओळीनं टांगलेल्या होत्या. गुरुजी छडी फिरवत पाठ करून घ्यायचे. राजेंद्रप्रसाद, राधाकृष्णन, झाकीर हुसेन, गिरी. आम्ही मागं बसून ओरडायचो. त्या भिंतीवर जी तसबीर कधी लागलीच नाही, तिचा हा इतिहास. घडला नाही, पण घडू शकत होता.

जून १९४७. दिल्लीची प्रार्थनासभा. सेवाग्राम आश्रमातला आंध्रचा दलित तरुण चक्रय्या नुकताच वारला होता. गांधी म्हणाले, तो असता तर राष्ट्रपतिपदासाठी त्याचंच नाव सुचवलं असतं. एखादी शीलवान, धीट भंगी मुलगी देशाची पहिली राष्ट्रपती व्हावी, असंही ते बोलले. शब्द त्यांचा, माझा नाही.

पुढं काय झालं? २४ जानेवारी १९५० ला घटना समितीनं राजेंद्रप्रसादांना बिनविरोध निवडलं. मुलीचं नाव कुणी काढलं नाही. काढलं असतं तरी कलम ५८ राष्ट्रपतीला वयाची पस्तिशी मागतं. पस्तीस वर्षं डोक्यावर मैला वाहून जगली-वाचली तर ये म्हणावं.

तरी समजा, ती आली. ३४० खोल्यांच्या त्या घरात झाडू न घेता शिरली. खुर्चीवर बसली.

१० ऑगस्ट १९५०. तिच्यापुढं एक कागद येतो. कलम ३४१ खालचा राष्ट्रपतींचा आदेश. अनुसूचित जाती कोणत्या, त्याची यादी. तिसऱ्या परिच्छेदात लिहिलंय की हिंदू धर्म सोडून दुसरा धर्म मानणारा माणूस अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही. पंजाबातल्या काही शीख जाती तेवढ्या वगळून. खऱ्या इतिहासात राजेंद्रप्रसादांनी सही केली अन् कागद गेला. त्या मंत्रिमंडळात बाबासाहेबही होते, हे मी लपवत नाही.

पण माझी राष्ट्रपती सहीआधी विचारते, "माझी मावशी ख्रिस्ती झाली. तिच्या हातातला झाडू सुटला का? पाणी भरायला तिला कुणी जवळ येऊ देतं का? मग ती यादीतून कशी सुटली?"

हा प्रश्न त्या खोलीत कुणीच विचारला नाही, कारण ज्याची मावशी झाडूवाली होती असा माणूस सहीच्या खुर्चीवर नव्हता.

या एका ओळीनं आमच्या घरात काय केलं ते सांगतो. बापानं १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा घेतली. थोरल्या भावानं केंद्र सरकारच्या नोकरीचा अर्ज भरला तेव्हा साहेब म्हणाला, "बौद्ध लिहिलंस तर सवलत नाही. हिंदू महार लिही." भाऊ घरी आला. बाप म्हणाला, "बावीस प्रतिज्ञा घेतल्यात म्या. पोटासाठी त्या पुसू?" भावानं बौद्ध लिहिलं अन् आयुष्यभर हमाली केली. शिखांना ती यादी पूर्ण खुली झाली १९५६ ला. बौद्धांना झाली १९९० ला. चौतीस वर्षं! भावाचं नोकरीचं वय त्यातच संपलं. ख्रिस्ती-मुसलमान दलित तर १९९० नंतरही बाहेरच राहिले.

अजून एक कागद. हिंदू कोड बिल. सप्टेंबर १९५१ मध्ये राजेंद्रप्रसादांनी नेहरूंना लिहून कळवलं की आपण या बिलाला संमती देऊच असं नाही. त्याच महिन्यात बाबासाहेबांनी राजीनामा दिला. नवरा टाकून गेलेल्या बायका जिनं वस्तीत रोज पाहिल्या, तिनं असं पत्र लिहिलं असतं का? हेच राजेंद्रप्रसाद काशीला दोनशे ब्राह्मणांचे पाय धुतात, अन् लोहिया त्यावरून खवळतात. आमच्या बाईनं कुणाचे पाय धुतले असते?

तुम्ही म्हणाल, राष्ट्रपती म्हणजे रबरी शिक्का. खरंय. राष्ट्रपती इंग्लंडच्या राजासारखा, राज्य करणारा नव्हे, हे बाबासाहेबांनीच ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत सांगितलं. शिक्क्यानं काय होतं ते २५ जून १९७५ च्या रात्री दिसलं. आणीबाणीच्या कागदावर फक्रुद्दीन अली अहमदांची सही झाली.

पण कागद परतही जातो. १९९७ ला के. आर. नारायणन राष्ट्रपती झाले. केरळातल्या उळवूरचे, गरीब दलित घरातले. त्याच ऑक्टोबरात उत्तर प्रदेशचं सरकार बरखास्त करायची शिफारस आली, त्यांनी फेरविचाराला परत पाठवली. १९९८ ला बिहारची आली, तीही परत. दोन्ही वेळा मंत्रिमंडळ त्या क्षणी थांबलं. म्हणजे शिक्क्याला हात असतो, अन् हाताला आठवण असते.

त्या मुलीचा कागदही मंत्रिमंडळानं पुन्हा पाठवला असता, तिला सही करावीच लागली असती. मान्य. पण फायलीवर तिचा शेरा राहिला असता, "मावशीचं काय?" तो शेरा घेऊन कुणी लोकसभेत उभं राहिलं असतं. कदाचित चौतीस वर्षांची दहा झाली असती.

२०१७ ला कोविंद आले, तेव्हा समोरच्या उमेदवार मीरा कुमारही दलितच. २०२२ ला द्रौपदी मुर्मू आल्या. तसबिरी वाढल्या, चांगलं झालं. माझ्या नातीला शाळेत ती यादी पाठ करायला सांगतात. मी तिला म्हणतो, नावं पाठ कर बाई, पण प्रत्येक नावापुढं विचार, यांनी सही कशावर केली अन् कोणता कागद परत धाडला?

भाऊ गेला. त्याच्या त्या अर्जाची पोच अजून पत्र्याच्या पेटीत आहे. धर्माच्या रकान्यात शाईनं ठळक लिहिलंय, बौद्ध. आमच्या घरातली ती पहिली सही.