वाऱ्याचा बोगदा आणि दोन सायकलवाले

वाचकहो, पोर पतंग उडवतं ते आपण सगळेच पाहतो. वारा असला म्हणजे ते एका जागी उभं राहतं आणि पतंग आपसूक चढतो. वारा पडला, की तेच पोर दोरा धरून धावत सुटतं, आणि तरीही पतंग वर जातो. म्हणजे वारा पतंगावर आला काय, किंवा पतंग वाऱ्यावर गेला काय, परिणाम एकच! या साध्या गोष्टीवर विमानविद्येतलं एक मोठं साधन उभं आहे. विमानाचा लहान नमुना जागच्या जागी बसवायचा आणि त्याच्यावर मोजका वारा सोडायचा. याला म्हणतात वाऱ्याचा बोगदा. इंग्लंडात फ्रान्सिस वेनहॅम यांनी १८७१ साली असा पहिला बोगदा केला. पण त्याचं मोल पटवून दिलं ते अमेरिकेतल्या डेटन गावच्या दोघा सायकल-दुकानदारांनी, विल्बर आणि ऑर्व्हिल या राइट बंधूंनी.

१९०१ च्या उन्हाळ्यात त्यांनी किटी हॉकजवळच्या वाळूच्या टेकड्यांवर आपलं बिनइंजिनाचं विमान उडवून पाहिलं. पंख किती वजन उचलतील याचा हिशेब त्यांनी जर्मन अभ्यासक ऑटो लिलिएंटाल यांच्या कोष्टकांवरून मांडला होता. हे लिलिएंटाल १८९६ साली उडतानाच पडून वारले होते. प्रत्यक्षात पंखांनी हिशेबाच्या जेमतेम एक तृतीयांश वजन उचललं! दोघे भाऊ निराश होऊन घरी परतले. आता नाद सोडायचा, की छापील आकडे आपणच तपासायचे?

त्यांनी तपासायचं ठरवलं. दुकानात सहा फूट लांब आणि सोळा इंच चौरस अशी एक लाकडी पेटी केली. एका तोंडाशी पंखा लावला. सायकलच्या आऱ्या आणि करवतीची पाती जोडून आत एक तराजू बसवला. त्यावर पत्र्याचा छोटा पंख लावायचा, वारा सोडायचा आणि वरच्या काचेतून काटा किती कलतो ते पाहायचं. खोलीतली मोठी वस्तू हलली तरी वारा बिघडे, म्हणून पाहणाऱ्यानेही ठरल्या जागीच उभं राहायचं! असे सुमारे दोनशे आकार त्यांनी डिसेंबरपर्यंत तपासले.

आणि दोषी कोण निघालं? लिलिएंटाल यांचं कोष्टक बहुतांशी बरोबरच होतं. चुकला होता तो वाऱ्याच्या दाबाचा आकडा. इंग्रज इंजिनियर जॉन स्मीटन यांनी १७५९ साली पवनचक्क्यांवर लिहिलं, तेव्हापासून तो त्यांच्या नावावर चालत आला होता. पुस्तकात होता ०.००५, खरा निघाला सुमारे ०.००३३. शिवाय रुंद, आखूड पंखापेक्षा लांब, अरुंद पंख बरा, हेही त्या पेटीने सांगितलं.

१९०२ साली त्यांनी पंखांची लांबी बावीस फुटांवरून बत्तीस फुटांवर नेली आणि विमान छान तरंगलं. १७ डिसेंबर १९०३ रोजी इंजिन लावलेलं विमान बारा सेकंद उडालं.

आज गणकयंत्रं पुष्कळ हिशेब करतात, तरी विमानांचे, पुलांचे, उंच इमारतींचे नमुने अजून बोगद्यात तपासतातच. आपल्या बंगळूरच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेतही असा मोठा बोगदा आहे.

गुरुजी, वर्गात ही गोष्ट जरूर सांगा. एखाद्या मुलाने पुस्तकातल्या आकड्यावर शंका काढली, तर त्याला खाली बसवू नका; हाती फूटपट्टी आणि तराजू द्या.