पाणमोट फुटली, कळा नाहीत

कळांआधीच पाणमोट फुटली, की आमच्या गावची सुईण एरंडेल पाजून वाट पाहायची. पुढे मी प्रसूतिकक्षात परिचारिका झाले, तेव्हा सलाइनमधून कळा आणणारं ऑक्सिटोसिन लावणं रोजचंच झालं होतं. पियुषिका ग्रंथीच्या अर्कानं मांजरीचं गर्भाशय आकसतं, हे हेन्री डेल यांनी 1906 मध्ये नोंदवलं; 1953 मध्ये द्यू व्हिन्यो यांनी त्यातलं ऑक्सिटोसिन हे संप्रेरक प्रयोगशाळेत घडवलं. तरी थांबायचं की कळा आणायच्या, हा वाद राहिलाच. 1996 मध्ये 6 देशांतल्या 5041 बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवस भरलेले असताना दोन्ही वाटांनी सिझेरियनचं प्रमाण जवळपास सारखंच. ऑक्सिटोसिननं आईला जंतुसंसर्ग मात्र कमी. तेव्हा बायांनो, पाणी गेलं की घरी बसू नका. दवाखाना गाठा आणि दोन्ही पर्याय समजून घ्या.