गळ्यातला चोरखिसा

श्रोतेहो, बंडीला आतून शिवलेला चोरखिसा तुम्ही पाहिलाच असेल. बाहेरून तो दिसत नाही, पण आत घातलेली वस्तू तिथेच राहते. काही माणसांच्या गळ्यात असाच एक खिसा तयार होतो. खाल्लेली भाकरी पोटात न उतरता त्यात जाऊन बसते आणि काही तासांनी, खाली वाकले किंवा आडवे झाले, की न पचलेली तशीच तोंडात येते. हा खिसा वैद्यांना कसा सापडला, त्याची ही हकिकत.

आधी तो होतो कसा ते पाहू. सायकलचा टायर एका जागी विरला, की आतली ट्यूब तेथून फुग्यासारखी बाहेर येते, नाही का? घसा संपून अन्ननलिका सुरू होते, तिथे मागच्या बाजूला स्नायूंचे आवरण मुळातच विरळ असते. घास येताच खालचा स्नायू नीट सैल झाला नाही, तर गिळताना दाब वाढतो आणि आतले अस्तर त्या विरळ जागेतून मागे फुगते. हे बहुधा उतारवयात घडते.

इंग्लंडात ब्रिस्टल येथे अब्राहम लडलो नावाचे शस्त्रवैद्य होते. त्यांनी १७६४ साली अशा एका रोग्याची हकिकत लिहिली. पण पिशवी डोळ्यांना दिसली ती रोगी गेल्यावर, शवविच्छेदनात! पुढे १८७७ साली जर्मनीतील विकृतिशास्त्रज्ञ झेंकर यांनी फॉन झीमसेन यांच्या साथीने अशा रोग्यांची माहिती एकत्र केली. आतल्या दाबाने फुगणारी पिशवी वेगळी आणि छातीतल्या सुजून आक्रसलेल्या गाठींनी बाहेर ओढली गेलेली वेगळी, असा भेद त्यांनी मांडला. गळ्यातल्या पिशवीला आजही झेंकर यांचेच नाव आहे.

पण जिवंत माणसात ती ओळखायची कशी? त्या काळी वैद्य घशातून सळई घालून चाचपून पाहत. यात मोठा धोका होता. सळई सरळ अन्ननलिकेत न जाता पिशवीत शिरे. पिशवीची भिंत पातळ. जरा जोर झाला की ती फाटायची, आणि पू छातीत पसरून रोगी दगावायचा.

वाट सापडली ती १८९५ साली. राँटगेन यांनी क्ष-किरण शोधून काढले. क्ष-किरणांत हाडे दिसतात. अन्ननलिकेसारखा मऊ भाग मात्र उठून दिसत नाही. १८९६ साली अमेरिकेत हार्वर्ड येथे वॉल्टर कॅनन हा वैद्यकीचा विद्यार्थी प्राण्यांच्या गिळण्याचा अभ्यास करू लागला. त्याने हंसिणीला बिस्मथ नावाच्या जड धातूचा क्षार खाऊ घातला आणि तो लांब मानेतून खाली उतरताना पडद्यावर पाहिला! पुढे बिस्मथच्या काही क्षारांनी विषबाधा होते असे दिसले. तेव्हा १९१० साली जर्मनीत बाख्हेम आणि ग्युंथर यांनी बेरियम सल्फेट सुचवले. बेरियमचे विरघळणारे क्षार विषारी खरे, पण हा पाण्यात विरघळत नाही, म्हणून अंगात भिनत नाही.

आजही तपासणी हीच. रोगी खडूच्या पाण्यासारखे पांढरे बेरियम पितो आणि ते उतरत असताना चित्रे घेतात. पिशवी असली तर त्यात ते साठलेले स्पष्ट दिसते. पिशवीची शंका असेल, तर दुर्बीण घालण्यापूर्वी डॉक्टर बहुधा ही चित्रे पाहून घेतात. सळईने शिकवलेला धडा तो हाच, बरं का: आधी पाहावे, मग आत शिरावे.

मंडळी, यातले पहिले काम मात्र घरच्यांचेच आहे. आजोबांचा घास अडकतो, गळ्यात गुडगुड वाजते, तोंडाला वास येतो, रात्री उशीवर अन्न येते, ठसका लागतो, वजन उतरते, आणि आपण म्हणतो, "वय झालं, पित्त असेल." असे म्हणून थांबू नका. अशी लक्षणे कर्करोगासारख्या दुसऱ्या दुखण्यातही असतात, म्हणून उशीर नको. अडलेला घास उतरवण्यासाठी वर आणखी कोरडा घास देऊ नका. शिक्षकांनी घरच्यांना एवढे लिहून द्यावे: त्रास कधीपासून, घन अडते की पातळही, अन्न किती वेळाने परत येते, पचलेले की न पचलेले. त्या चार ओळी डॉक्टरांच्या फार कामी येतील. लहान, त्रास न देणाऱ्या पिशवीला पुष्कळदा काहीच करावे लागत नाही. आणि मोठीवरही आज अनेकदा मान न कापता, तोंडावाटे उपचार होतात.