सार्जंट स्लॉटरने बाजू बदलली तेव्हा

डब्ल्यूडब्ल्यूएफच्या कुस्त्यांचा निकाल आधीच ठरलेला असतो, हे ठाऊक असूनही मी त्या वर्षानुवर्षं आवडीने बघत आलोय. पण त्यांचा एक निर्णय फौजी म्हणून आजही खटकतो.

सार्जंट स्लॉटर म्हणजे अमेरिकन मरीन्सचा कडक ड्रिल उस्ताद. एनडीएच्या परेड मैदानावर घाम गाळलेल्याला हे पात्र लगेच कळतं. १९९० मध्ये सद्दामने कुवेत गिळंकृत केल्यावर कंपनीने या लाडक्या पैलवानाला इराकचा समर्थक बनवलं. १७ जानेवारी १९९१ ला बगदादवर बॉम्ब पडू लागले. १९ तारखेला मायामीत अल्टिमेट वॉरियरला हरवून स्लॉटर विजेता झाला. २८ फेब्रुवारीला युद्ध थांबलं. हल्क होगनने त्याला हरवलं ते २४ मार्चला, लॉस एंजेलिसमध्ये. तोवर त्या वैरातली हवाच गेली होती.

म्हणजे धंद्याचा हिशेबही चुकलाच. खलनायक हवा, त्याच्याशिवाय आखाडा रंगत नाही. पण खरी पोरं वाळवंटात असताना, त्यांच्या घरचे बातम्यांकडे डोळे लावून बसलेले असताना, त्या युद्धावर तिकिटं विकायची नसतात.