असत् संख्या
ज्या संख्येचा वर्ग ऋण असतो, तिला असत् संख्या म्हणतात. धन संख्येचा वर्ग धन असतो आणि ऋण संख्येचा वर्गही धनच असतो. त्यामुळे नेहमीच्या, म्हणजे सत्, संख्यांमध्ये −१ चे वर्गमूळ सापडणे शक्य नाही. या संख्यांचा स्वीकार वर्गसमीकरणे सोडविण्याच्या गरजेतून झाला, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः तो घन समीकरणांमुळे झाला.

ऋण संख्येच्या वर्गमुळाचा प्रश्न भारतीय गणितज्ञांना परिचित होता. महावीराचार्य यांनी गणितसारसंग्रह (सु. ८५०) या ग्रंथात, ऋण संख्या स्वभावतःच कोणाचा वर्ग नसल्याने तिला वर्गमूळ नाही, असे सांगितले. भास्कराचार्यांनी (जन्म १११४) बीजगणित या ग्रंथात हेच मत मांडले. हा तर्क निर्दोष होता. क्ष² + १ = ० यासारख्या समीकरणाला सत् उत्तर नाही; तेव्हा ते अशक्य ठरवून बाजूला ठेवल्याने काहीच अडत नव्हते.

इटालियन गणितज्ञ जेरोलामो कार्दानो (१५०१–७६) यांनी आर्स माग्ना (१५४५) या ग्रंथात, १० चे असे दोन भाग करा की त्यांचा गुणाकार ४० होईल, हा प्रश्न घेतला. त्याची उत्तरे ५ + √−१५ व ५ − √−१५ अशी येतात. त्यांची बेरीज १० आणि गुणाकार २५ − (−१५) म्हणजे ४० होतो. कार्दानो यांना मात्र ही करामत सूक्ष्म पण निरुपयोगी वाटली.

खरी अडचण त्याच ग्रंथातील घन समीकरणाच्या सूत्राने निर्माण केली. क्ष³ = १५क्ष + ४ या समीकरणाचे ४ हे उत्तर उघड आहे, कारण ६४ = ६० + ४. परंतु सूत्रानुसार उत्तर ∛(२ + √−१२१) + ∛(२ − √−१२१) असे येते. येथे प्रश्न अशक्य म्हणून सोडून देता येत नाही. उत्तर सत् आहे, पण त्याकडे नेणारी वाट असत् संख्यांमधून जाते.

बोलोन्याचे राफाएल बोंबेल्ली (१५२६–७२) यांनी १५७२ मध्ये हा पेच सोडविला. √−१ ला नेहमीचे बीजगणिताचे नियम लावून त्यांनी (२ + √−१)³ = २ + ११√−१ असे दाखविले. √−१२१ म्हणजेच ११√−१ असल्याने सूत्रातील दोन घनमुळे २ + √−१ व २ − √−१ ही होतात. बेरीज करताना असत् भाग परस्परांना छेदतात व ४ हे उत्तर मिळते. परिमेय सहगुणकांच्या घन समीकरणाची तिन्ही उत्तरे सत् असून त्यांपैकी एकही परिमेय (दोन पूर्णांकांच्या गुणोत्तराच्या रूपातील) नसेल, तर केवळ सत् संख्यांची मुळे काढून ती मांडता येत नाहीत, असे एकोणिसाव्या शतकात सिद्ध झाले. म्हणजे हा वळसा टाळता येण्याजोगा नव्हता.

तरीही संशय उरला. ‘काल्पनिक’ या अर्थाचे विशेषण रने देकार्त यांनी १६३७ मध्ये वापरले. शिवाय √अ × √ब = √अब हा नियम येथे निष्काळजीपणे लावल्यास √−१ × √−१ = √१ = १ असा चुकीचा निष्कर्ष निघतो; व्याख्येनुसार हा गुणाकार −१ आहे. √−१ साठी आज रूढ असलेले एकाक्षरी चिन्ह लेनर्ड ऑयलर यांनी १७७७ मध्ये योजिले.

या संख्यांना दृश्य अर्थ दिला तो नॉर्वेत जन्मलेले भूमापक कास्पार व्हेसेल (१७४५–१८१८) यांनी. त्यांचा निबंध १७९७ मध्ये डॅनिश अकादमीपुढे वाचला गेला व १७९९ मध्ये प्रसिद्ध झाला. संख्यारेषेवरील संख्येला −१ ने गुणणे म्हणजे तिला शून्याभोवती १८०° फिरविणे होय. मग √−१ ने गुणणे म्हणजे ९०° फिरविणे, कारण असे दोन पाव फेरे मिळून अर्धा फेरा होतो. असत् संख्या रेषेवर सापडत नाहीत, कारण त्यांचे स्थान रेषेला लंब असलेल्या अक्षावर आहे. डॅनिश भाषेतील हा निबंध सुमारे शतकभर दुर्लक्षित राहिला. आर्गां यांनी १८०६ मध्ये हीच कल्पना स्वतंत्रपणे मांडली आणि १८३१ मध्ये गौस यांच्या लेखनाने तिला प्रतिष्ठा मिळाली. सत् व असत् भाग मिळून होणाऱ्या संख्यांना सदसत् संख्या म्हणतात. हॅमिल्टन यांनी १८३३ मध्ये त्यांची मांडणी सत् संख्यांच्या क्रमित जोड्या म्हणून केली. त्यामुळे त्यांच्या अस्तित्वाबद्दलची शंका संपली.

प्रत्यावर्ती (दिशा वारंवार बदलणाऱ्या) विद्युत् प्रवाहाच्या गणनेत या संख्या नित्य वापरल्या जातात, तर श्रोडिंजर यांच्या १९२६ मधील पुंजयामिकीच्या समीकरणात √−१ प्रत्यक्षच येतो. भास्कराचार्यांचे विधान यामुळे खोटे ठरलेले नाही. सत् संख्यांपुरते ते आजही खरे आहे. बदलले ते संख्यांचे क्षेत्र. या विस्ताराची किंमतही द्यावी लागली, कारण बेरीज व गुणाकार यांच्याशी सुसंगत असा लहानमोठेपणाचा क्रम सदसत् संख्यांना लावता येत नाही.