एसएसएच म्हणजे काय? घरचा पीसी आणि क्लाउड सर्व्हर फोनवरून सुरक्षितपणे कसा चालवायचा

भांडुपहून स्लो लोकल पकडून कॉलेजला किंवा ऑफिसला जाणाऱ्या बऱ्याच जणांचा खरा कामाचा कॉम्प्युटर घरीच टेबलाखाली असतो. प्रोजेक्टच्या फाइल्स तिथे, कोड तिथे आणि हातात मात्र फक्त फोन. हा फोन वापरून घरच्या पीसीवर किंवा भाड्याच्या सर्व्हरवर कमांड चालवता येते. त्यासाठी जे वापरतात त्याचं नाव एसएसएच, म्हणजे सिक्युअर शेल.

याची गरज किती खरी आहे हे मुंबईने पाहिलं आहे. मार्च 2020 मध्ये लोकल सर्वसामान्यांसाठी बंद झाली आणि ऑफिसमधली मशीन ऑफिसमध्येच राहिली. 18 जुलै 2021 च्या पावसात तर भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रातच पाणी शिरलं आणि शहराच्या मोठ्या भागाचा पाणीपुरवठा विस्कळीत झाला. अशा दिवशी मशीनपर्यंत चालत जाणं शक्य नसतं. पण दुरून आत जायचा दरवाजा उघडला की तो चोरांसाठीही उघडा राहू शकतो. म्हणून या लेखात एसएसएच चालू कसं करायचं याइतकंच ते बंदिस्त कसं करायचं हेही बघू.

एसएसएच आलं कुठून?

15 ऑगस्ट 1995 ला व्हीएसएनएलने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. पहिल्या शहरांत मुंबई होती. त्या काळी स्वस्तातलं कनेक्शन म्हणजे शेल अकाउंट: मोडेमने डायल करायचं आणि काळ्या स्क्रीनवर नुसता मजकूर वाचायचा. दूरच्या मशीनवर जायला तेव्हा टेलनेट वापरायचे. टेलनेटमध्ये पासवर्डसकट सगळं उघड्यावर जातं, वाटेत कोणीही वाचू शकतं.

त्याच वर्षी फिनलंडमधल्या हेलसिंकी युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीच्या नेटवर्कवर असे पासवर्ड चोरले गेले. तिथल्या टाटू युलोनेन यांनी उपाय म्हणून एसएसएच लिहिलं आणि जुलै 1995 मध्ये ते सगळ्यांना मोफत दिलं. आज आपण वापरतो ते ओपनएसएसएच मात्र ओपनबीएसडीच्या टीमने 1999 मध्ये आणलं. लिनक्स, मॅक आणि विंडोज, तिन्हीकडे तेच चालतं.

कमांड वाचताना एक सूचना: इथे कमांड देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या. सुडो म्हणजे एस-यू-डी-ओ आणि सिस्टमसीटीएल म्हणजे सिस्टम या शब्दाला जोडून सी-टी-एल. कमांड लहान अक्षरांतच लिहायच्या, मोठं अक्षर लागेल तिथे तसं सांगितलं आहे.

पायरी 1: पीसीवर सर्व्हर चालू करा

उबुंटू:
सुडो एपीटी अपडेट
सुडो एपीटी इन्स्टॉल ओपनएसएसएच-सर्व्हर
सुडो सिस्टमसीटीएल स्टेटस एसएसएच

उबुंटूच्या नव्या आवृत्त्यांत (22.10 पासून) पहिलं कनेक्शन येईपर्यंत स्टेटसमध्ये ‘इनअ‍ॅक्टिव्ह’ दिसू शकतं. घाबरू नका. तिथे सॉकेट कान देऊन बसलेलं असतं आणि कोणी आलं की तेच सर्व्हरला उठवतं.

विंडोज 10 आणि 11: सेटिंग्जमध्ये ‘ऑप्शनल फीचर्स’ शोधा, तिथून ‘ओपनएसएसएच सर्व्हर’ जोडा. मग ‘सर्व्हिसेस’ उघडून ‘ओपनएसएसएच एसएसएच सर्व्हर’ स्टार्ट करा आणि स्टार्टअप टाइप ‘ऑटोमॅटिक’ ठेवा.

मॅक: सिस्टम सेटिंग्ज, जनरल, शेअरिंग आणि तिथे ‘रिमोट लॉगिन’ ऑन.

तिन्हीकडे एक गोष्ट सारखीच: पीसी झोपला तर एसएसएचही झोपतं. पॉवर सेटिंगमध्ये ऑटो स्लीप बंद करा. लाइट जाऊन आल्यावर पीसी आपोआप सुरू व्हावा असं वाटत असेल तर बहुतेक डेस्कटॉपच्या बायोसमध्ये तसा पर्याय असतो.

पायरी 2: फोनवर चावी बनवा

पासवर्ड अंदाजाने फोडता येतो, चावी नाही. एसएसएचची चावी दोन भागांची असते. प्रायव्हेट की तुमच्या फोनवरच राहते, पब्लिक की सर्व्हरवर ठेवायची. बिल्डिंगच्या गेटला तुम्ही कुलूप लावलंत आणि किल्ली खिशात ठेवलीत असं समजा. कुलूप कोणीही बघितलं तरी बिघडत नाही.

अँड्रॉइडवर एफ-ड्रॉइडवरून टर्मक्स घ्या आणि त्यात हे चालवा:
पीकेजी इन्स्टॉल ओपनएसएसएच
एसएसएच-कीजेन -टी ईडी25519

ईडी25519 हा चावीचा प्रकार आहे. ती छोटी, वेगवान आणि मजबूत असते. ओपनएसएसएचमध्ये हा प्रकार 2014 पासून आहे. चावी बनवताना पासफ्रेज विचारला जातो. एंटर मारून पुढे जायचा मोह आवरा. लोकलच्या गर्दीत फोन गेला तर चोर आणि तुमचा सर्व्हर यांच्यात फोनच्या लॉकनंतर हा पासफ्रेजच उरतो.

प्रायव्हेट की कोणालाही पाठवायची नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाही नाही. फोनची एक, लॅपटॉपची वेगळी, अशी प्रत्येक उपकरणाची स्वतंत्र चावी बनवा. एक हरवली तर तेवढीच रद्द करता येते.

पायरी 3: चावी सर्व्हरवर लावा

फोन आणि पीसी एकाच वायफायवर असताना हे करा. लिनक्समध्ये ‘आयपी ए’ किंवा विंडोजमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ ही कमांड पीसीचा पत्ता सांगते, समजा 192.168.1.20. उबुंटू किंवा मॅक असेल तर फोनवरून:
एसएसएच-कॉपी-आयडी युजरनेम@192.168.1.20

पहिल्यांदा जोडताना एसएसएच एक फिंगरप्रिंट दाखवतं आणि पुढे जायचं का असं विचारतं. बहुतेक जण न वाचताच ‘येस’ टाइप करतात. तसं करू नका. पीसीवर बसून ही कमांड चालवा आणि दोन्हीकडची अक्षरं जुळतात का ते बघा:
एसएसएच-कीजेन -एलएफ /ईटीसी/एसएसएच/एसएसएच_होस्ट_ईडी25519_की.पब

जुळली तर तुम्ही आपल्याच मशीनशी बोलताय. पुढे कधी ‘होस्ट आयडेंटिफिकेशन’ बदललं असा मोठा इशारा आला तर आधी कारण शोधा. सर्व्हर नव्याने बसवला असेल तर तो इशारा येणारच. तसं काही केलेलं नसेल तर पासवर्ड टाकू नका, मध्ये दुसरंच कोणी असू शकतं.

विंडोजची एक खास अडचण आहे. तुमचं खातं अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असेल तर चावी नेहमीच्या ‘ऑथराइज्ड_कीज’ फाइलमध्ये ठेवून चालत नाही. ती प्रोग्रॅमडेटा फोल्डरमधल्या एसएसएच फोल्डरात, ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स_ऑथराइज्ड_कीज’ या फाइलमध्ये लागते. शिवाय त्या फाइलची परवानगी फक्त अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स आणि सिस्टम यांनाच हवी.

पायरी 4: पासवर्डचा दरवाजा बंद करा

सार्वजनिक आयपीवर पोर्ट 22 उघडा असेल तर लॉगमध्ये थोड्याच वेळात रूट, अ‍ॅडमिन, टेस्ट अशा नावांनी लॉगिनचे प्रयत्न दिसू लागतात. तुमच्याशी कोणाचं वैर असावं लागत नाही. बॉट सगळ्या इंटरनेटवर दार वाजवत फिरत असतात आणि कमजोर पासवर्ड सापडला की आत. तिथून पुढे तुमच्या फाइल्स त्यांच्या, तुमची वीज त्यांच्या क्रिप्टो मायनिंगला आणि दुसऱ्यावर हल्ला झालाच तर पत्ता तुमच्या घरचा.

चावीने लॉगिन होतंय याची खात्री झाल्यावरच पुढचं करा. उबुंटूवर /ईटीसी/एसएसएच/एसएसएचडी_कॉन्फिग.डी या फोल्डरमध्ये 10 आकड्याने सुरू होणारी आणि ‘.कॉन्फ’ने संपणारी फाइल बनवा. तिच्यात या तीन ओळी टाका (प्रत्येक ओळीतला पहिला शब्द सलग लिहायचा):

पासवर्डऑथेंटिकेशन नो
केबीडीइंटरअ‍ॅक्टिव्हऑथेंटिकेशन नो
परमिटरूटलॉगिन नो

आकडा 10 का? कारण या फाइल्स क्रमाने वाचल्या जातात आणि जी किंमत आधी सापडते तीच चालते. क्लाउडच्या मशीनवर बऱ्याचदा 50 आकड्याची एक फाइल आधीच असते आणि तीत पासवर्ड चालू ठेवलेला असतो. तुमची फाइल तिच्यानंतर आली तर तुम्ही ‘नो’ लिहूनही पासवर्ड चालूच राहील.

आता तपासा:
सुडो एसएसएचडी -टी
(लहान टी. फाइलमध्ये चूक नसेल तर काहीच छापत नाही.)
सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट एसएसएच
सुडो एसएसएचडी -टी
(या वेळी मोठा टी. प्रत्यक्ष लागू असलेल्या सेटिंग्ज दाखवतो. यात पासवर्डऑथेंटिकेशनपुढे ‘नो’ दिसलं पाहिजे.)

महत्त्वाचं: हे करताना चालू असलेलं सेशन बंद करू नका. दुसरी विंडो उघडून नव्याने लॉगिन करून बघा. जमलं तरच जुनी विंडो बंद करा. घरचा पीसी असेल तर कीबोर्ड समोर आहे, पण सर्व्हर दुसऱ्या शहरात असताना स्वतःलाच बाहेर कोंडून घेतलंत तर मोठा मनस्ताप होतो.

फायरवॉलचंही तसंच. आधी परवानगी, मग चालू:
सुडो यूएफडब्ल्यू लिमिट 22/टीसीपी
सुडो यूएफडब्ल्यू एनेबल

‘लिमिट’मुळे एकाच पत्त्यावरून 30 सेकंदांत सहा किंवा जास्त वेळा प्रयत्न झाले तर तो पत्ता अडवला जातो. पोर्ट 22 बदलून दुसरा आकडा ठेवला की लॉगमधला कचरा कमी होतो, पण ती सुरक्षा नव्हे.

पायरी 5: घराबाहेरून घरी कसं पोहोचायचं?

इथे बहुतेकांचं घोडं अडतं. घरच्या वायफायवर सगळं चालतं आणि स्टेशनवर पोहोचल्यावर कनेक्शन होत नाही. कारण असतं सीजीएनएटी. आयपीव्ही4 पत्ते अपुरे असल्याने बऱ्याच ब्रॉडबँड आणि मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. एखाद्या चाळीत दहा खोल्या आणि पोस्टाची पेटी एकच, तसं. बाहेरून आलेलं पत्र नेमकं कोणाचं हे पेटीला कळत नाही.

ओळखायचं कसं? राउटरच्या पानावर वॅन आयपी बघा. तो 100.64 ते 100.127 ने सुरू होत असेल, किंवा ‘माझा आयपी’ दाखवणाऱ्या साइटवरच्या पत्त्यापेक्षा वेगळा असेल, तर तुम्ही सीजीएनएटीमागे आहात. मग राउटरमध्ये कितीही पोर्ट फॉरवर्डिंग केलं तरी उपयोग नाही.

यावर सोपा उपाय टेलस्केलसारखं खासगी नेटवर्क. पीसी आणि फोन दोन्हीवर अ‍ॅप टाकून एकाच खात्याने लॉगिन करा. दोघांना आपापसातला खासगी पत्ता मिळतो आणि त्या पत्त्यावर एसएसएच चालतं. मोठा फायदा म्हणजे पोर्ट 22 इंटरनेटवर उघडावाच लागत नाही. त्या खात्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन मात्र हवंच, कारण आता तेच तुमचं मुख्य गेट आहे.

क्लाउड सर्व्हर घेतला असेल तर

अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडचा मुंबई रिजन 2016 पासून आहे. तिथे उबुंटू मशीन बनवताना चावी सुरुवातीलाच लावता येते, युजरनेम ‘उबुंटू’ असतं आणि पासवर्ड लॉगिन आधीच बंद असतं. तुम्ही बघायचं ते सिक्युरिटी ग्रुपकडे. पोर्ट 22 साऱ्या जगाला, म्हणजे 0.0.0.0/0 ला उघडा ठेवू नका. फक्त स्वतःचा आयपी ठेवा. मोबाइल डेटाचा आयपी सतत बदलतो, म्हणून इथेही खासगी नेटवर्कच सोयीचं पडतं.

रोजच्या वापरात

लोकलमध्ये रेंज तुटली की एसएसएच तुटतं आणि चालू काम मध्येच मरतं. म्हणून लॉगिन केल्यावर आधी ‘टीमक्स’ सुरू करा. रेंज आली की परत लॉगिन करून ‘टीमक्स अटॅच’ म्हणा, काम जिथे होतं तिथेच सापडेल.

अपडेट टाळू नका. 2024 च्या मार्चमध्ये एक्सझेड या छोट्या लायब्ररीत मुद्दाम लपवलेला चोरदरवाजा सापडला. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला एसएसएच लॉगिन किंचित सावकाश का होतंय अशी शंका आली म्हणून तो उघड झाला. त्याच वर्षी 1 जुलैला ओपनएसएसएचमध्येच ‘रिग्रेशन’ नावाची गंभीर त्रुटी जाहीर झाली, तिचा उपाय 9.8 आवृत्तीत आला.

फोन हरवला तर दुसऱ्या मशीनवरून सर्व्हरच्या ‘ऑथराइज्ड_कीज’ फाइलमधली त्या फोनची ओळ लगेच काढा आणि टेलस्केलच्या यादीतून तो फोन हटवा. मग पोलीस तक्रार करून संचार साथी पोर्टलवर फोन ब्लॉक करा.

कोण येऊन गेलं ते आठवड्यातून एकदा बघा:
लास्ट
सुडो जर्नलसीटीएल -यू एसएसएच

अनोळखी लॉगिन यशस्वी झालेलं दिसलं तर मशीन नेटवरून तोडा, सगळ्या चाव्या बदला आणि सिस्टम नव्याने बसवा. आत आलेल्याने काय काय पेरून ठेवलंय हे फाइल्स शोधत बसून कळत नाही. पैशांची फसवणूक झाली असेल तर 1930 वर ताबडतोब कॉल करा.

शेवटी, दुसऱ्याच्या मशीनवर परवानगीशिवाय हे प्रयोग नकोत. मित्राचा किंवा कॉलेजचा सर्व्हर ‘फक्त बघायला’ उघडला तरी तो माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 नुसार गुन्हा ठरू शकतो, आणि कलम 66 खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सराव स्वतःच्या पीसीवर करा. जुना लॅपटॉप पडून असेल तर त्यावर उबुंटू टाका आणि पायरी 1 पासून सुरुवात करा. चार पायऱ्या घरच्या वायफायवर नीट जमल्या की मगच पाचवी.